दिवा आपला, डोळे दुसऱ्याचे

आमच्या पुतण्याने तीन वर्षांपूर्वी एक जुनी पिकअप गाडी विकत घेतली. त्याआधी दहा वर्षे तो दुसऱ्याच्या गाडीवर पगारी ड्रायव्हर होता. थोडे पैसे साठवले होते, सूनबाईंनी बचत गटातून कर्ज काढले, उरलेले फायनान्सवाल्याकडून उचलले आणि गाडी दारात आली. त्या दिवशी आळीत पेढे वाटले गेले. आपल्या मालकीचे चाक दारात उभे राहणे म्हणजे काय, हे ज्याच्या बापाने आयुष्यभर दुसऱ्याचे ओझे वाहिले त्यालाच कळते.

पुतण्याचा धंदा रात्रीचा. जुन्नर तालुक्यातल्या आमच्या भागातून भाजीपाला भरायचा, रात्री निघायचे, माळशेज घाट उतरायचा, मुरबाडवरून पुढे जाऊन पहाटेच्या आत कल्याणच्या बाजारात माल टाकायचा. परत येताना किराणा किंवा रिकामी क्रेट. गाडी घेऊन सहा महिने झाले असतील, एक दिवस तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "काका, गाडीचे दिवे अगदी मेणबत्तीसारखे आहेत. घाटात वळण दिसत नाही. बाहेरचे भारी दिवे बसवायचे म्हणतोय."

आम्ही काय सांगणार? "बसव बाबा, जीव महत्त्वाचा," एवढेच म्हणालो. पुढे जे घडले त्यात पुतण्याचा पैसा गेला, झोप गेली आणि एका परक्या माणसाचा जीव थोडक्यात वाचला. आपल्यातले अनेक बंधू आज रिक्षा, टेम्पो, पिकअप, मोटरसायकल चालवून संसार करतात. त्यांचे तरी पैसे वाचावेत म्हणून ही हकीकत सविस्तर लिहीत आहोत.

पहिली चूक : जास्त वॅटचा बल्ब

पुतण्याच्या गाडीला जो बल्ब लागतो त्याला एच-४ म्हणतात. बऱ्याच जुन्या जीप, व्हॅन, पिकअप यांना हाच असतो. मागे तीन पाती, आत दोन तारा. एक तार लांबच्या झोतासाठी, म्हणजे अप्परसाठी, ६० वॅटची. दुसरी डिपरसाठी, ५५ वॅटची. डिपरच्या तारेखाली एक छोटी धातूची वाटी असते. ती खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणून डिपरचा झोत वर न जाता रस्त्यावर पडतो. ही वाटी ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

रस्त्यालगतच्या एका दुकानदाराने पुतण्याला सांगितले, "कशाला ६० चे घेता? हे १००-९० चे टाका, दिवस उजाडेल." बल्ब तसाच दिसतो, त्याच जागी बसतो, पाचशे रुपयांत जोडी. पुतण्याने टाकले. पहिल्या रात्री खरोखरच उजेड वाढला. तो खूश, आम्हीही खूश.

आता हिशेब पाहा. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ६० वॅटचा बल्ब ५ अँपिअर करंट ओढतो. १०० वॅटचा ओढतो सव्वाआठ अँपिअरच्या वर. करंट दीडपट वाढला तर तारेतली उष्णता दीडपट वाढत नाही, ती वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे इथे ती जवळजवळ पावणेतीन पट झाली. गाडीची तार, स्विच, बल्बच्या मागचा प्लास्टिकचा होल्डर, हे सगळे कंपनीने ६० वॅटच्या हिशेबाने बसवलेले. बैल तोच आणि ओझे तिप्पट, असा प्रकार झाला.

जुलै महिना होता. माळशेज घाटात पाऊस आणि धुके. आधी जळका वास आला, मग डावा दिवा गेला आणि दोन वळणांनंतर उजवाही गेला. गाडीत टोमॅटो भरलेला. पुतण्याने कशीबशी गाडी कडेला घेतली, चारही इंडिकेटर चालू ठेवले, मागे दगड लावले आणि हातात बॅटरी घेऊन तो पहाटेपर्यंत पावसात उभा राहिला. वरून येणारी प्रत्येक गाडी आपल्यावर येते की काय, या भीतीने त्याने रात्र काढली. माल उशिरा पोहोचला, भाव गेला. गाडी उघडली तेव्हा होल्डर वितळून बल्बला चिकटलेला, दिव्याचा स्विच जळालेला आणि आतल्या रिफ्लेक्टरची चांदी तपकिरी पडलेली. पाचशेच्या बल्बापायी अडीच हजारांची दुरुस्ती झाली आणि मालाचे नुकसान झाले ते वेगळेच.

दुसरी चूक : दूधासारखा पांढरा उजेड

एकदा ठेच लागली म्हणजे माणूस शहाणा होतो असे म्हणतात. पण आपल्याला वाटले की चूक वॅटची होती, म्हणून पुतण्याने या वेळी कमी वॅटचा पण जास्त उजेडाचा, म्हणजे एलईडी बल्ब घेतला. डब्यावर हजारो लुमेनचे आकडे. मागे छोटा पंखा. बाराशे रुपये. करंट कमी ओढतो, तार तापत नाही, उजेड दूधासारखा पांढरा. दुकानदार म्हणाला, "आता सगळे हेच टाकतात."

दोन महिने बरे गेले. समोरून येणारे ड्रायव्हर सारखे अप्पर-डिपर करून इशारा द्यायचे. पुतण्याला वाटायचे, आपला उजेड पाहून जळतात.

डिसेंबरात एका रात्री मुरबाडच्या अलीकडे समोरून मोटरसायकल आली. त्यावर दोन कामगार, कारखान्यातली दुसरी पाळी संपवून घरी निघालेले. पुतण्याने डिपर दिला होता, हे तो शपथेवर सांगतो. तरीही मोटरसायकलवाला डोळ्यांवर हात धरल्यासारखा झाला, डावीकडे सरकत गेला आणि गाडीसकट रस्त्याच्या चरात पडला. पुतण्याने गाडी थांबवली. धावत गेला. एकाचा हात सोलवटला होता, दुसऱ्याच्या गुडघ्याला मार. नशीब म्हणायचे ते एवढेच की चर कोरडा होता आणि मागून दुसरे वाहन नव्हते. तो माणूस उठून बसला आणि रागावलाही नाही. एवढेच म्हणाला, "दादा, तुमची गाडीच दिसली नाही हो. नुसता उजेड दिसला. रस्ता कुठे आहे तेच कळेना."

पुतण्याने दोघांना दवाखान्यात नेले, पट्टी करून घरी पोहोचवले. सकाळी घरी येऊन हे सांगताना त्याचा आवाज कापत होता. सूनबाई ऐकत होत्या. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "तेही आपल्यासारखेच रात्रपाळीवाले. त्यांच्या घरीही कुणीतरी जागं बसलं असेल." यावर कुणाला काही बोलता आले नाही.

त्या संध्याकाळी आम्ही पुतण्याला गाडी मोकळ्या जागेत लावायला सांगितली. डिपर चालू ठेवला आणि त्याला गाडीसमोर आठ पावले दूर उभे केले. म्हणालो, "बघ आता आपल्या दिव्याकडे." त्याने तोंड फिरवले. अर्धा मिनिट त्याला समोरचे काहीच दिसेना. गाडीचा मालक आपल्या दिव्यामागे बसतो, दिव्यासमोर कधी उभा राहत नाही, हीच सगळी गोम आहे.

असे का होते?

हे आम्हाला पुढे एका जाणत्या माणसाने समजावले. ते एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले वायरमन. सगळा गाव त्यांना मामा म्हणतो. मामा म्हणाले, "पोरा, उजेड बल्ब देतो, पण झोत दिव्याची वाटी बनवते. बल्ब म्हणजे पाणी आणि रिफ्लेक्टर म्हणजे पाट. पाट चुकला तर पाणी शेजाऱ्याच्या घरात."

हॅलोजन बल्बातली तार केसासारखी बारीक असते आणि ठरलेल्या जागी असते. रिफ्लेक्टरचा प्रत्येक कोन त्या तारेची जागा धरून बनवलेला असतो. जागा एखाद्या मिलिमीटरने हलली तरी झोत बिघडतो. एलईडी बल्बात तार नसते, चपटे तुकडे असतात, तेही बाजूंना तोंड करून. स्वस्त बल्बात त्यांची जागाही नेमकी नसते आणि डिपरची ती छोटी वाटीही नीट जमलेली नसते. म्हणून उजेड रस्त्यावर न पडता चारी बाजूंना फाकतो. थोडा झाडावर, थोडा समोरच्याच्या डोळ्यात आणि बराचसा गाडीच्या पुढ्यात जवळच. जवळची जमीन लख्ख दिसली की चालवणाऱ्याला वाटते उजेड वाढला. पण जवळच्या उजेडाने आपलीच बाहुली बारीक होते आणि लांबचे आणखी कमी दिसते.

एचआयडी किंवा झेनॉन नावाचे संच मिळतात, त्यांचीही तीच गत. ते उच्च दाबावर ठिणगी पाडून पेटतात, पूर्ण तेजावर यायला काही सेकंद घेतात आणि हॅलोजनच्या दिव्यात बसवले तर समोरच्याला आंधळे करतात.

याचा अर्थ एलईडी वाईट असा नाही. नव्या गाड्यांना कंपनीकडूनच एलईडीचे दिवे येतात. त्यांची भिंगे आणि वाट्या एलईडीसाठीच बनवलेल्या असतात, म्हणून झोत बरोबर पडतो. दोष आहे तो हॅलोजनच्या घरात एलईडी कोंबण्याचा. जर्मनीत २०२० सालापासून असे काही बल्ब मंजूर झाले, पण तेही ठरावीक बल्ब, ठरावीक गाड्यांच्या ठरावीक दिव्यांत, तपासणी करून. रस्त्याकडेच्या डब्यावर तशी काही तपासणी नसते.

मामांची तपासणी

मामांनी नवे काहीच विकत आणू दिले नाही. आधी म्हणाले, "दिवा मंद का झाला ते शोधू. आजार न बघता औषध कशाला?"

प्रथम त्यांनी दिव्याची काच पाहिली. हल्ली ती काच नसते, पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक असते. उन्हाने ते पिवळे आणि धुरकट होते. असा दिवा कितीही मोठा बल्ब टाकला तरी उजेड आतच अडवतो आणि बाहेर पडतो तो विस्कटून. बारीक पॉलिश पेपरने पाणी मारत घासायचे, आधी ८०० नंबर, मग १०००, मग २०००, शेवटी पॉलिश. कुणी टूथपेस्ट लावायला सांगतात, त्याने चार दिवस चकाकते, पुढे तसेच. घासल्यावर उन्हापासून बचाव करणारा थर द्यावा लागतो, नाहीतर काही महिन्यांत पुन्हा पिवळे पडते. जुन्या गाडीला खरी काच असेल तर हा त्रास नाही, नुसती स्वच्छ धुवावी.

मग आतली चांदी. पुतण्याच्या गाडीची ती १०० वॅटच्या बल्बाने भाजून निघालेली होती. मामा म्हणाले, "ही गेली. ही पुसून येत नाही. फडका लावला तर उरलेलीही निघेल." आरशाची पाठ गेल्यावर आरसा जसा होतो तसा हा दिवा. तेव्हा त्याच गाडीचा, चांगल्या कंपनीचा, संपूर्ण दिवा बदलणे हाच उपाय. आपल्याकडे गाड्या डाव्या बाजूने चालतात, म्हणून डिपरचा झोत डावीकडे थोडा वर चढलेला असतो, म्हणजे कडेचा माणूस आणि फलक दिसतो. उजवीकडे तो खाली असतो, म्हणजे समोरच्याला त्रास होत नाही. परदेशी बाजारासाठी बनवलेला उलट्या बाजूचा दिवा स्वस्तात मिळाला म्हणून घेऊ नये, तो नेमका समोरच्याच्या डोळ्यात चढतो.

यानंतर मामांनी मीटर काढला. आम्ही सर्वांनी शिकावे अशी ही गोष्ट आहे. साधा डिजिटल मीटर काही शे रुपयांत मिळतो. इंजिन चालू, डिपर चालू. बॅटरीवर मीटर लावला, १४ व्होल्ट. बल्बाच्या मागे लावला, साडेबाराच्याही खाली. दीड व्होल्टहून अधिक दाब वाटेतच मुरत होता! जुनी बारीक तार, गंजलेले जोड आणि बॉडीला लावलेली अर्थची तार तर नावालाच टेकलेली. तारेच्या बल्बाचे वैशिष्ट्य असे की दाब दहा टक्के कमी झाला तर उजेड दहा टक्के नाही, सुमारे तीस टक्के कमी होतो. म्हणजे पुतण्याच्या दिव्याचा जवळजवळ एकतृतीयांश उजेड वायरिंगनेच खाल्ला होता. नवा बल्ब घेऊन तो कसा परत येणार?

मामांनी अर्थचा जोड घासून घट्ट केला. मग दोन रिले बसवले, एक डिपरला, एक अप्परला. रिले म्हणजे एक छोटी विजेची चावी. पूर्वी दिव्याचा सगळा करंट स्विचमधून फिरून यायचा. आता स्विच फक्त रिलेला इशारा देतो आणि दिव्याचा करंट बॅटरीतून थेट जाड तारेने येतो. तार अडीच स्क्वेअरची आणि बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज. फ्यूजशिवाय बॅटरीतून तार काढणे म्हणजे गाडीला आग लावण्याचे निमंत्रण, हे मामांनी तीनदा सांगितले. काम झाल्यावर बल्बाजवळ साडेतेरा व्होल्टच्या वर आले.

शेवटी बल्ब. पुन्हा तोच ६०/५५ वॅटचा साधा हॅलोजन, पण नावाजलेल्या कंपनीचा, पक्क्या बिलाचा. रात्री दिवे लावले तेव्हा पुतण्या बराच वेळ बघत उभा राहिला. म्हणाला, "मामा, हा तर कंपनीचाच बल्ब आहे!" मामा म्हणाले, "मग कंपनीवाले काय वेडे होते?"

बल्ब घेताना

वाचक बंधू-भगिनींनी बल्ब घेताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

जुन्या बल्बावरचा नंबर वाचावा आणि तोच घ्यावा. बऱ्याच मोटरसायकली आणि रिक्षांना ३५/३५ वॅटचा बल्ब असतो. त्यातला एचएस-१ हा दिसायला एच-४ सारखाच. काही मेकॅनिक पाती कापून त्या जागी मोठा बल्ब बसवतात. एक एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो आणि दिवसभर चालू राहतो. तिथे मोठा बल्ब टाकला तर होल्डर आणि बॅटरी दोन्ही दिवसभर भाजत राहतात.

निळसर रंगाच्या हॅलोजनला भुलू नये. निळा रंग म्हणजे काचेवरचा थर. तो उजेड वाढवत नाही, उलट थोडा अडवतो. साध्या वॅटमध्येच जास्त उजेड देणारे चांगले हॅलोजनही मिळतात. ते खरे असतात, पण त्यांचे आयुष्य कमी असते. रोज रात्रभर गाडी चालवणाऱ्याने हा हिशेब आधी करावा.

बल्बाच्या काचेला बोट लावू नये. बोटाचे तेल तापून तिथे डाग पडतो आणि बल्ब लवकर जातो. चुकून लागलेच तर स्पिरिटने पुसावे. बल्ब जोडीनेच बदलावेत. एक मात्र सुट्टा गाडीत ठेवावा.

धुक्याचे जादा दिवे लावायचे असतील तर ते खाली, बंपरच्या उंचीला असावेत आणि त्यांचा झोत जमिनीकडे असावा. ते धुक्यात आणि मुसळधार पावसातच वापरावेत. धुक्यात अप्पर लावू नये, उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. टपावर किंवा ग्रिलवर झगमगाट करणारे दिवे लावणे म्हणजे दुसऱ्याला त्रास आणि आपल्याला दंड.

भिंतीवरची परीक्षा

बल्ब बसवला म्हणजे काम संपले नाही. झोत कुठे पडतो ते पाहिलेच पाहिजे. याला पैसा लागत नाही, एक भिंत, खडू आणि टेप पुरे. आमच्याकडे हे काम सूनबाईंनी केले.

जागा सपाट हवी. टायरमध्ये हवा बरोबर हवी. ड्रायव्हर सीटवर बसलेला हवा आणि गाडीत रोजचा माल हवा. हे शेवटचे फार महत्त्वाचे आहे. मागे माल भरला की गाडीचे तोंड वर होते आणि रिकाम्या गाडीला बरोबर वाटणारा डिपर भरल्यावर समोरच्याच्या तोंडावर जातो. काही गाड्यांत डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांचे छोटे चाक असते, ते याचसाठी. माल भरल्यावर ते फिरवून झोत खाली आणायचा असतो. आपल्यातल्या किती जणांनी ते चाक कधी फिरवले आहे?

दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजावी आणि तेवढ्याच उंचीवर भिंतीवर आडवी रेघ मारावी. गाडी भिंतीपासून ५ मीटर दूर घ्यावी. डिपर लावावा. उजेडाची वरची कड त्या रेघेच्या ५ ते ७ सेंटिमीटर खाली पडली पाहिजे आणि डावीकडे थोडी चढलेली दिसली पाहिजे. कड स्पष्ट दिसत नसेल, उजेड भिंतभर फाकत असेल, तर बल्ब चुकीचा आहे किंवा उलटा बसला आहे. दिव्याच्या मागे स्क्रू असतात, त्यांनी झोत वरखाली करता येतो.

त्यानंतर ड्रायव्हरने खाली उतरून आपल्या दिव्यासमोर उभे राहावे. हा आमचा घरगुती खटाटोप नाही, कायद्यालाही हेच हवे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम सांगतो की दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला झोताने दिपवता कामा नये. दीड मीटर उंची म्हणजे समोरून येणाऱ्या तुमच्या-आमच्यासारख्या माणसाचेच डोळे.

कायदा आणि खिसा

मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीत कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षी कायद्यात जी दुरुस्ती झाली तिच्याप्रमाणे मालकाने केलेल्या अशा प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनी असल्या बदलावर बोट ठेवून वाद घालू शकते. हप्त्यावर गाडी चालवणाऱ्याला हे परवडणारे नाही. एका दंडात महिन्याचे रेशन जाते.

सूनबाईंनी वहीत सगळा खर्च लिहून ठेवला होता. पहिली जोडी पाचशे, जळालेले सामान अडीच हजार, एलईडी बाराशे, त्या दोघांच्या औषधपाण्याचे आठशे. एकूण पाच हजार, आणि फायदा शून्य. मामांच्या कामात रिले, तार, फ्यूज आणि बल्ब मिळून हजाराच्या आत. दोन्ही दिवे बदलावे लागले म्हणून आणखी तीन हजार, तेही पहिल्या चुकीमुळेच. मामांनी मजुरी घेतली नाही, चहा घेतला.

उजेडापेक्षा वेग

एक गोष्ट मामांनी जाता जाता सांगितली, ती सर्वांत मोलाची. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी दर सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. समोर काही दिसले, मेंदूला कळले आणि पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद धरला तरी २५ मीटर गेले. पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी वीस-पंचवीस मीटर. ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. म्हणजे एकूण ५० ते ६० मीटर. आणि डिपरमध्ये काळे कपडे घातलेला माणूस साधारण तेवढ्याच अंतरावर दिसतो, कधी त्याहून जवळ. तोच वेग ४० वर आणला की सारे २७-२८ मीटरमध्ये आटोपते. बाजारात मिळणारा कोणताही बल्ब जे करीत नाही ते उजवा पाय थोडा उचलल्याने होते.

आणि डोळे? चाळिशीनंतर झगमगाटातून सावरायला डोळ्यांना जास्त वेळ लागतो. दिव्याच्या उजेडाभोवती कडी दिसत असतील, रात्री कमी दिसत असेल, तर दिवा बदलण्याआधी सरकारी दवाखान्यात डोळे तपासून घ्यावेत. मोतीबिंदूची सुरुवात असेल आणि आपण बल्ब बदलत बसलो तर काय उपयोग? समोरची काच आतूनही पुसावी. बिडीच्या धुराचा आणि धुळीचा थर आतूनच बसतो. वायपरचे रबर पावसाळ्यापूर्वी बदलावे.

दिसणे महत्त्वाचे, तसे दिसून येणेही महत्त्वाचे. ट्रॉली, टेम्पो, हातगाडी, सायकल यांच्या मागे लाल आणि पुढे पांढरी चकाकणारी पट्टी लावावी. पहाटे कामाला निघणाऱ्या आपल्या बहिणींनी अंधारात फिकट रंगाची ओढणी किंवा टॉवेल खांद्यावर घ्यावा. पट्टीला फार पैसे लागत नाहीत.

पुतण्या आजही रोज रात्री माळशेज उतरतो. मुरबाडच्या अलीकडे त्या चराजवळ आला की त्याचा वेग आपोआप कमी होतो, असे तो सांगतो. मोटरसायकलवाल्या त्या कामगाराशी त्याची पुढे ओळख वाढली. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत तो कुटुंबासह आमच्याकडे येऊन गेला. जेवण झाल्यावर त्याने हौसेने पिकअपच्या दिव्यासमोर उभे राहून पाहिले. डिपर लागला. तो म्हणाला, "आता दादाची गाडी दिसते."

आम्हाला वाटते, दिवा चांगला की वाईट, हे ठरवायला याहून मोठा दाखला नको. बांधवांनी रविवारी गाडी धुताना अर्धा तास काढावा, भिंतीवर एक रेघ मारावी आणि दिव्यासमोर स्वतः उभे राहून पाहावे. काय दिसले ते आम्हाला पत्राने जरूर कळवावे.